मराठी विनोदातील अंत्ययात्रा

मृत्यूनंतरचे विधी, तिरडी, खांदेकरी, स्मशान आणि दहावे-तेरावे यांच्याभोवती घडणारा विनोद मराठी बोलीत, रंगभूमीवर आणि चित्रपटांत आढळतो. सतीश आळेकर यांचे ‘महानिर्वाण’ (१९७४) हे नाटक या प्रकारातील सर्वांत महत्त्वाची कृती मानले जाते. ‘व्हेंटिलेटर’ (२०१६) आणि ‘फनरल’ (२०२२) हे चित्रपट याच विषयाच्या आसपासचे आहेत. इंग्रजी विनोदात अंत्यसंस्कारांचा गोंधळ बहुधा व्यावसायिकांच्या हातून होतो. तेथे शवपेटी, गाडी आणि कबर यांची व्यवस्था लावणारे दुकान असते व ते चालवणारे कुटुंब असते. मराठी विनोदात हे काम करणारे लोक व्यावसायिक नसून शेजारी, भावकी आणि चाळकरी असतात. मर्तिक हाच ज्यांचा वंशपरंपरागत व्यवसाय अशा कुटुंबांविषयी मराठीत लेखन झाले आहे, परंतु ते प्रामुख्याने करुण किंवा संतप्त स्वरूपाचे आहे.

प्रस्तुत लेखात मुख्यतः हिंदू दहनविधीभोवतीच्या विनोदाचा विचार केला आहे. महाराष्ट्रातील मुस्लिम, ख्रिस्ती आणि लिंगायत समाजांत दफनाची प्रथा असून त्यांच्या विधींची व्यवस्था निराळी आहे.

इंग्रजी विनोदातील अंत्यसंस्कार-व्यावसायिक

ब्रिटनमध्ये अंत्यसंस्काराची व्यवस्था हा दीर्घकाळापासून स्वतंत्र व्यवसाय आहे. आरंभी शवपेट्या बनवणारे सुतारच हे काम जोडधंदा म्हणून करीत. पुढे त्यातून पिढ्यानपिढ्या चालणाऱ्या पेढ्या उभ्या राहिल्या. गंभीर चेहऱ्याचा, काळ्या पोशाखातला आणि आतून धांदरट असा हा व्यावसायिक इंग्रजी विनोदाला आयताच मिळाला. यॉर्कशायर टेलिव्हिजनच्या ‘इन लव्हिंग मेमरी’ या मालिकेत (१९७९ ते १९८६) लँकेशायरमधील एका काल्पनिक गावातली विधवा आपल्या भाच्याच्या साहाय्याने दिवंगत पतीची अंत्यसंस्कार-पेढी चालवते. थोरा हर्ड यांनी त्या विधवेची, तर ख्रिस्तोफर बीनी यांनी भाच्याची भूमिका केली होती. बीबीसी चॉइस या वाहिनीवर २००१ आणि २००२ मध्ये दाखवल्या गेलेल्या ‘फन ॲट द फ्युनरल पार्लर’ या मालिकेत वेल्समधील थॉमस नावाच्या कुटुंबाची अशीच पेढी आहे. रिस थॉमस यांनी लिहिलेली ही मालिका फारशी प्रसिद्धी न मिळताच संपली. अमेरिकेतील अंत्यसंस्कार-उद्योगावर एव्हलिन वॉ यांनी ‘द लव्हड वन’ (१९४८) ही उपरोधिक कादंबरी लिहिली. एचबीओ वाहिनीवरील ‘सिक्स फीट अंडर’ (२००१ ते २००५) ही मालिका अशाच एका कुटुंबावर आधारलेली असली, तरी तिचा सूर विनोदापेक्षा गंभीर नाट्याचा आहे.

या सर्व कृतींमध्ये विनोदाचे यंत्र एकच आहे. ग्राहक शोकात असतो आणि पेढीला दुकान चालवायचे असते. पेढीच्या चुका झाकाव्या लागतात, कारण चुकीची वार्ता पसरली तर पुढचा ग्राहक येणार नाही.

महाराष्ट्रातील व्यवस्था

महाराष्ट्रातील खेड्यांत मर्तिकाची व्यवस्था परंपरेने दोन स्तरांवर चालत आली. पहिला स्तर भावकीचा आणि शेजाऱ्यांचा. मृत्यूची वार्ता कळताच भावकीतील व आळीतील पुरुष जमतात, बांबू, कडबा, सुतळी, पांढरे कापड, मडके, गुलाल आणि फुले आणवतात, तिरडी बांधतात आणि आळीपाळीने खांदा देतात. सरण रचणे, तिसऱ्या दिवशी राख सावडणे, दहाव्याला नदीवर पिंडदान करणे आणि सुतक संपेपर्यंत घरी जेवण पोचवणे ही कामेही त्यांच्यातच वाटली जातात. पुणे, सातारा व नगर भागांतील बोलीत अशा प्रसंगी हजर राहण्याला ‘मातीला जाणे’ असे म्हणतात. लग्नाला गेले नाही तरी चालेल, पण मातीला गेलेच पाहिजे, असा संकेत आहे. या कामाचा मोबदला घेतला जात नाही. ते परतफेडीच्या अलिखित हिशेबावर चालते.

दुसरा स्तर सक्तीच्या जातिबद्ध श्रमाचा होता. मयताचा निरोप परगावच्या नातेवाइकांना पायी जाऊन पोचवणे, सरणासाठी लाकडे वाहणे ही कामे बलुतेदारीच्या व्यवस्थेत महार समाजावर लादलेली होती, तर वाजंत्रीचे काम मांग समाजाकडे असे. मसणजोगी या भटक्या समाजाचे तर जगणेच स्मशानाशी बांधलेले होते. मृत्युविधी सांगणाऱ्या ब्राह्मणांनाही ‘किरवंत’ म्हणून इतर ब्राह्मणांकडून कमी लेखले जाई व त्यांच्याशी सोयरीक टाळली जाई.

या दोन स्तरांमुळे मराठी साहित्यात विषयाचीही विभागणी झालेली दिसते. पहिल्या स्तरावरील हौशी आणि अननुभवी माणसांची फजिती विनोदाचा विषय ठरली. दुसऱ्या स्तरावरील माणसांना त्यांचे काम उत्तम येत होते, परंतु त्या कामामुळेच त्यांना हीन लेखले जात होते. त्यांच्याविषयी लिहिताना विनोदाला फारसा वाव राहिला नाही.

शिरूर आणि दौंड परिसर

पुणे जिल्ह्यातील शिरूर व दौंड हे तालुके वरील व्यवस्थेतील स्थित्यंतर समजून घेण्यासाठी उपयुक्त आहेत. शिरूर शहर घोड नदीच्या काठी वसले असून ते घोडनदी या नावानेही ओळखले जाते. दौंड शहर भीमेच्या काठी आहे. दोन्ही तालुक्यांतील अनेक गावांत स्मशानभूमी आणि दशक्रियेचा घाट नदीकाठीच असतो. या भागात दशक्रिया विधी हा मोठा सार्वजनिक कार्यक्रम होतो. सकाळी घाटावर मंडप घातला जातो, प्रवचनकार बोलावले जातात, प्रवचनानंतर गावचे, तालुक्याचे आणि निवडणुकीच्या दिवसांत जिल्ह्याचे पुढारी श्रद्धांजलीची भाषणे करतात. त्यानंतर पिंड ठेवले जातात आणि जमलेली मंडळी कावळ्याची वाट पाहत थांबतात.

या प्रसंगातून स्थानिक बोलीविनोद निर्माण झाला आहे. मृताला जन्मभर न ओळखणारा वक्ता त्याच्या स्वभावाचे वर्णन करतो, भाषण लांबत जाते, ऊन चढते आणि भाषणाच्या मध्येच कावळा पिंड घेऊन जातो, अशा स्वरूपाचे किस्से गावोगावी सांगितले जातात. मृताच्या अंगी नसलेले गुण मरणोत्तर सापडण्याच्या या प्रवृत्तीला ‘मेल्या म्हशीला मणभर दूध’ ही म्हण लागू केली जाते. पिंडाला कावळा शिवला नाही की मृताची कोणती इच्छा राहिली असावी यावर तर्क सुरू होतात. जमिनीची वाटणी, धाकट्याचे लग्न, थकलेली उसनवारी अशा घरातल्या गोष्टी त्या निमित्ताने चारचौघांत निघतात. आश्वासने देऊनही कावळा आला नाही, तर शेवटी दर्भाचा कावळा करून विधी पुरा केला जातो.

याच दोन तालुक्यांत गावाबाहेरून आलेल्या लोकसंख्येचेही मोठे केंद्रीकरण झाले आहे. दौंड हे रेल्वेचे जंक्शन असून मनमाडकडे जाणारा लोहमार्ग तेथून फुटतो; राज्य राखीव पोलीस दलाचे गटही तेथे आहेत. दौंड तालुक्यात कुरकुंभ आणि शिरूर तालुक्यात रांजणगाव येथे औद्योगिक वसाहती आहेत. या ठिकाणी भाड्याच्या खोल्यांत राहणाऱ्या कामगाराची भावकी शेकडो किलोमीटर दूर असते. अशा घरी मृत्यू झाल्यास तिरडी कशी बांधायची, लाकडे कोठून आणायची, दाखला कोणाकडून घ्यायचा हे ठाऊक नसलेले सहकारी आणि घरमालक एकत्र येतात. घाटावर मंडप घालणाऱ्या गावात माणसांची गर्दी आवरावी लागते आणि त्याच गावाच्या वेशीवरील वसाहतीत चार खांदेकरी जमवावे लागतात.

विनोदाची सामग्री

अंत्ययात्रेवरील मराठी विनोदात काही प्रसंग वारंवार येतात. त्यांतील पहिला प्रसंग जाणकाराचा. प्रत्येक आळीत वा चाळीत तिरडी बांधण्यात तरबेज समजला जाणारा एक गृहस्थ असतो. एरवी त्याला कोणी विचारत नाही, परंतु मयताच्या दिवशी त्याचा शब्द अखेरचा असतो. विनोदाला खरी सुरुवात होते ती दुसरा जाणकार आल्यावर. पाय कोणत्या दिशेला करावेत, गाठ कोठे मारावी, मडक्याला छिद्रे किती पाडावीत, विसाव्याला तिरडी कशी फिरवावी यांवर दोघांचे मतभेद होतात आणि शोकाकुल मुलगा दोघांकडे आळीपाळीने पाहत राहतो.

दुसरा प्रसंग वाट पाहण्याचा. परगावची मुलगी किंवा परदेशातील मुलगा येईपर्यंत प्रेत ठेवायचे असते. दारात बसलेल्या मंडळींना गंभीर राहणे कठीण जाऊ लागते, गप्पा पाऊसपाणी, ऊस आणि राजकारणाकडे वळतात, कोणीतरी चहाची सोय शेजारच्या घरी हळूच करतो. तिसरा प्रसंग खर्चाचा असून सामान आणायला गेलेल्याने मर्तिकाच्या दुकानात घासाघीस करावी की नाही, हा त्यातील पेच आहे. मृत्यूचा लाभ उठवणाऱ्याला मराठीत ‘मढ्याच्या टाळूवरचे लोणी खाणारा’ म्हणतात. या वाक्प्रचारातील तिरस्कार इतका तीव्र आहे की अंत्यविधीची सेवा पैसे घेऊन देणारा माणूस मराठी विनोदात सहानुभूतीचा नायक म्हणून यायला बराच काळ जावा लागला.

या विनोदाचे लक्ष्य सहसा मृत व्यक्ती नसते. मागे राहिलेल्यांची अवघडलेली स्थिती हे त्याचे लक्ष्य असते. त्यामुळे तो मृताच्या घरी सांगितला जात नाही, स्मशानातून परतताना वाटेत किंवा बऱ्याच दिवसांनी सांगितला जातो.

महानिर्वाण

सतीश आळेकर (जन्म १९४९) यांचे ‘महानिर्वाण’ हे नाटक २२ नोव्हेंबर १९७४ रोजी पुण्यात प्रथम रंगमंचावर आले. थिएटर ॲकॅडमी, पुणे या संस्थेने ते सादर केले व दिग्दर्शनही आळेकरांचेच होते. ‘घाशीराम कोतवाल’ नाटकावरून प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनमध्ये झालेल्या मतभेदांनंतर बाहेर पडलेल्या तरुण कलावंतांनी १९७३ मध्ये ही संस्था स्थापन केली होती. आळेकर तेव्हा पंचविशीत होते. जीवरसायनशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेऊन ते पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयात काम करीत होते. नाटकाचे संगीत आनंद मोडक यांचे होते.

नाटकाचा नायक भाऊराव हा चाळीत राहणारा गृहस्थ नाटकाच्या आरंभीच मरण पावलेला आहे, आणि तो स्वतःच्या मरणाचे आख्यान कीर्तनकाराच्या थाटात प्रेक्षकांना सांगतो. पत्नी रमा, मुलगा नाना आणि समूहाने वावरणारे चाळकरी ही अन्य पात्रे आहेत. आपले दहन जुन्याच स्मशानात व्हावे असा भाऊरावांचा हट्ट आहे. ते स्मशान नगरपालिकेने बंद केले असून नव्या व्यवस्थेत जाणे त्यांना मान्य नाही. त्यामुळे अंत्यविधी लांबतो, प्रेत घरातच राहते आणि नाना कार्यालयीन नियम व वडिलांची इच्छा यांच्यात सापडतो. दरम्यान अंत्ययात्रेला आलेल्यांपैकी एका पुरुषाच्या आकर्षणात रमा गुंतते. अखेर नाना खटपटी करून वडिलांचे दहन त्यांच्या इच्छेप्रमाणे जुन्या स्मशानात घडवून आणतो.

नाटकातील परिस्थितीला पुण्याच्या नागरी इतिहासाचा संदर्भ आहे. मुठा नदीच्या काठी ओंकारेश्वराच्या परिसरात पूर्वी दहनविधी होत असत; पुढे ते वैकुंठ स्मशानभूमीत होऊ लागले. शहरातील अनेक कुटुंबांच्या पिढ्या ज्या घाटावर गेल्या तो घाट एका आदेशाने बंद होतो, हा अनुभव प्रेक्षकांना परका नव्हता. भाऊरावांच्या हट्टात परंपरेचा अभिमान आहे, तशीच मेल्यावर तरी कोणीतरी आपले ऐकावे ही सामान्य माणसाची इच्छाही आहे.

कीर्तनाचा वापर हे नाटकाचे प्रमुख वैशिष्ट्य समजले जाते. महाराष्ट्रात मृत्यूनंतर कीर्तन-प्रवचन ठेवण्याची प्रथा आहे. तेथे कीर्तनकार जिवंत असतो आणि तो मृताच्या वतीने देहाच्या नश्वरतेविषयी बोलतो. आळेकरांनी ही रचना उलटी केली व कीर्तन प्रेताच्या तोंडी दिले. त्यामुळे नश्वरतेचे ठराविक बोल आणि कुजू लागलेला देह एकाच पात्रात एकत्र येतात. चाळकऱ्यांचा समूह शोक, सल्ला, कुतूहल आणि कंटाळा या सर्व अवस्था एकसुरात व्यक्त करतो. ते दुष्ट नाहीत. त्यांना मदत करायचीच आहे. मात्र त्यांच्याकडे ठराविक कृतींचा साठा आहे आणि परिस्थिती त्या साठ्याबाहेर गेल्यावर ते निरुपाय होतात. इंग्रजी मालिकांतील अकुशल पेढीचे स्थान येथे संपूर्ण चाळीने घेतले आहे.

पित्याच्या मृत्यूनंतर मुलावर पडणारे ओझे हाही नाटकाचा गाभा आहे. नानाला वडिलांविषयी विशेष जवळीक नाही, तरीही विधी त्यानेच करायचे आहेत. विधीची प्रत्येक पायरी त्याला ठाऊक असलेल्या जगाबाहेरची आहे. विनोदी प्रसंगांच्या मालिकेतून हा तरुण हळूहळू वडिलांच्या जागी येऊन उभा राहतो, असे नाटकाचे वाचन करता येते.

नाटकाचे इंग्रजी भाषांतर गौरी देशपांडे यांनी ‘द ड्रेड डिपार्चर’ या नावाने केले व ते १९८९ मध्ये कोलकात्याच्या सीगल प्रकाशनाने प्रसिद्ध केले. ‘महापूर’ आणि ‘बेगम बर्वे’ या नाटकांबरोबर ‘महानिर्वाण’ आळेकरांच्या प्रमुख नाटकांत गणले जाते. आळेकरांना १९९४ मध्ये संगीत नाटक अकादमी पुरस्कार आणि २०१२ मध्ये पद्मश्री हा किताब मिळाला.

चित्रपट

राजेश मापुसकर दिग्दर्शित ‘व्हेंटिलेटर’ (२०१६) या चित्रपटात मृत्यू अद्याप आलेला नाही. कामेरकर कुटुंबातील वडीलधारे गृहस्थ गणेशोत्सवाच्या तोंडावर रुग्णालयात कृत्रिम श्वसनयंत्रावर आहेत आणि विस्तारित गोतावळा मार्गिकेत जमला आहे. गणपती आणण्यापूर्वी ते गेले तर सुतक लागेल ही काहींची चिंता, तर यंत्र कधी बंद करायचे हा मुलापुढील प्रश्न आहे. मातीला जाण्याची तयारी ठेवून आलेले नातेवाईक आणि लांबत जाणारी प्रतीक्षा यांतून विनोद उभा राहतो. आशुतोष गोवारीकर आणि जितेंद्र जोशी यांच्या यात प्रमुख भूमिका आहेत. ६४व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत मापुसकर यांना सर्वोत्कृष्ट दिग्दर्शनाचा पुरस्कार मिळाला.

विवेक दुबे दिग्दर्शित ‘फनरल’ हा चित्रपट जून २०२२ मध्ये प्रदर्शित झाला. मुंबईतील चाळीत राहणारा एक बेकार तरुण अंत्यविधीची संपूर्ण व्यवस्था करून देण्याचा व्यवसाय सुरू करतो, अशी त्याची कथा आहे. आरोह वेलणकर यांनी तरुणाची, तर विजय केंकरे यांनी आजोबांची भूमिका केली आहे. मयताच्या कामाचे पैसे घेणे आजोबांच्या पिढीला पटत नाही. तरुणाच्या दृष्टीने मात्र ज्या घरी खांदा द्यायला कोणी नाही, तेथे हे काम कोणीतरी नीट करणे ही गरज आहे. ६८व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत या चित्रपटाची सामाजिक विषयावरील सर्वोत्कृष्ट चित्रपट म्हणून निवड झाली. पैसे घेऊन अंत्यविधी करणारा नायक येथे उपहासाचा विषय न होता सहानुभूतीने रंगवला गेला आहे.

दूरचित्रवाणी

मराठी दूरचित्रवाणीवरील विनोदी मालिका प्रामुख्याने कुटुंब, शेजार आणि कार्यालय यांत रमल्या. चिं. वि. जोशी यांच्या कथांवरील दूरदर्शनच्या मालिकेत दिलीप प्रभावळकर (चिमणराव) आणि बाळ कर्वे (गुंड्याभाऊ) यांनी साकारलेली जोडी ही हाती घेतलेले प्रत्येक काम बिघडवणाऱ्या सज्जन माणसांची जोडी होती. अल्फा मराठी वाहिनीवर २००१ मध्ये सुरू झालेल्या ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ या मालिकेत तीन पिढ्यांच्या मध्यमवर्गीय घराचे चित्रण आले. सायंकाळी सर्व कुटुंबाने, अनेकदा जेवताना, पाहायच्या कार्यक्रमात तिरडी आणणे अशुभ मानले जात असल्याने हा विषय रंगभूमी व चित्रपटांच्या वाट्याला अधिक आला. नाटकाला येणारा प्रेक्षक विषय जाणून तिकीट काढतो, ही सोय मालिकेला नाही.

विनोदाच्या कक्षेबाहेरील कृती

मर्तिक हा ज्यांच्या उपजीविकेचा भाग आहे अशा माणसांविषयीच्या मराठी कृतींचा सूर वेगळा आहे. अण्णाभाऊ साठे यांच्या ‘स्मशानातील सोनं’ या कथेतील भीमा खाणीचे काम बंद पडल्यावर मुंबईच्या परिसरातील स्मशानात राख चाळून आणि प्रेते उकरून सोन्याचे कण मिळवतो. अखेरीस प्रेताच्या जबड्यात अडकून तो आपली बोटे गमावतो. मृताकडून लाभ उठवणाऱ्याविषयीच्या रूढ वाक्प्रचारातला तिरस्कार येथे उपासमारीच्या वास्तवापुढे टिकत नाही.

प्रेमानंद गज्वी यांचे ‘किरवंत’ हे नाटक मृत्युविधी सांगणाऱ्या ब्राह्मण कुटुंबाच्या बहिष्कृततेविषयी आहे. डॉ. श्रीराम लागू यांच्या सहभागाने ते रंगभूमीवर विशेष गाजले. वेल्श मालिकेतील पेढीशी तुलना करायची झाल्यास, अंत्यविधी हाच वंशपरंपरागत व्यवसाय असलेले मराठी कुटुंब या नाटकात सापडते. तेथे गावाला त्या कुटुंबाची गरज आहे, परंतु त्याच्याशी संबंध नको आहे.

बाबा भांड यांच्या कादंबरीवर आधारित, संदीप पाटील दिग्दर्शित ‘दशक्रिया’ (२०१७) हा चित्रपट पैठण येथील गोदावरीच्या घाटावर घडतो. नदीत सोडलेल्या राखेतून नाणी वेचणारा मुलगा आणि विधी सांगणारे पुरोहित यांच्यामधून मृत्युविधींचे अर्थकारण त्यात दाखवले आहे. दिलीप प्रभावळकर आणि मनोज जोशी यांच्या त्यात भूमिका आहेत. चित्रपटाला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तर मनोज जोशी यांना सहायक अभिनेत्याचा पुरस्कार लाभला. प्रदर्शनाच्या वेळी काही ब्राह्मण संघटनांनी त्यास विरोध केला होता.

‘महानिर्वाण’मधील चाळकरी पांढरपेशे आहेत. लाकडे वाहणारा, सरण रचणारा किंवा निरोप घेऊन धावणारा माणूस त्या वर्तुळाबाहेर राहतो. अंत्ययात्रेवरील मराठी विनोदाची ही मर्यादा वरील कृतींच्या शेजारी ठेवल्यावर स्पष्ट होते.

बदलती व्यवस्था

शहरांत चाळींच्या जागी इमारती आल्या, कुटुंबे लहान झाली आणि मुले परगावी वा परदेशी स्थायिक झाली. खांद्यावरून जाणाऱ्या अंत्ययात्रेचे अंतर कमी होत जाऊन शववाहिनी किंवा वैकुंठरथ रूढ झाला. विद्युत आणि गॅस दाहिन्यांमुळे सरण रचण्याचे कौशल्यही अनेक ठिकाणी अनावश्यक ठरले. या काळात मर्तिकाचे सामान, वाहन, गुरुजी आणि दाखले यांची एकत्रित व्यवस्था करणाऱ्या संस्था पुढे आल्या. मुंबईच्या ‘सुखान्त’ या संस्थेने नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या आंतरराष्ट्रीय व्यापार मेळ्यात सजवलेल्या तिरडीसह मांडलेले दालन समाजमाध्यमांवर मोठ्या चर्चेचा विषय झाले. पाहणाऱ्यांपैकी काहींनी त्याची थट्टा केली, तर काहींनी आपल्या घरातील वृद्धांच्या एकटेपणाशी त्याचा संबंध जोडला.

करोना साथीच्या काळात अंत्यविधीला उपस्थित राहणाऱ्यांची संख्या २० पर्यंत मर्यादित करण्यात आली होती. अनेक मृतांचे दहन महापालिकेच्या कर्मचाऱ्यांनी आणि स्वयंसेवकांनी केले. नातेवाइकांना दुरूनच पाहावे लागले किंवा येताच आले नाही. मातीला न जाता आल्याची खंत शहरात आणि खेड्यात सारखीच होती. ज्या गर्दीची, सल्ल्यांची आणि लांबलेल्या भाषणांची एरवी चेष्टा होत असे, ती गर्दी शोक करणाऱ्या घराला आधार देत होती याची जाणीव या काळात अनेक कुटुंबांना झाली.

अन्य भारतीय भाषांतील कृती

अंत्यविधी रखडल्यामुळे समाजाचे अंतरंग उघडे पडणे हे सूत्र अन्य भारतीय भाषांतही आढळते. यू. आर. अनंतमूर्ती यांच्या ‘संस्कार’ (१९६५) या कन्नड कादंबरीत आचारभ्रष्ट मानल्या गेलेल्या ब्राह्मणाचे दहन कोणी करायचे या वादात प्रेत अग्रहारात पडून राहते. तिचा सूर गंभीर असला, तरी तिच्यात उपरोधाची छटा आहे. राम रेड्डी यांचा कन्नड चित्रपट ‘तिथी’ (२०१५) शंभरी ओलांडलेल्या वृद्धाच्या मृत्यूनंतर अकराव्या दिवसापर्यंतच्या घडामोडींवर आधारित विनोदी चित्रपट आहे. लिजो जोसे पेल्लिसेरी यांच्या ‘ई. मा. यौ.’ (२०१८) या मल्याळम चित्रपटात केरळच्या किनाऱ्यावरील ख्रिस्ती कुटुंबातील मुलगा वडिलांना वचन दिल्याप्रमाणे थाटाचे दफन करण्यासाठी धडपडतो. भाऊराव आणि नाना यांच्या नात्याशी त्याचे लक्षणीय साम्य आहे. हिंदीत कुंदन शाह यांच्या ‘जाने भी दो यारों’ (१९८३) मधील प्रेताची पळवापळवी आणि सीमा पाहवा यांच्या ‘रामप्रसाद की तेरहवीं’ मधील तेरा दिवस एका छपराखाली अडकलेले कुटुंब ही याच विषयाची दोन वेगळी रूपे आहेत. यांपैकी बहुतेक कृतींत अंत्यविधी पार पाडण्याची जबाबदारी, मराठी कृतींप्रमाणेच, कुटुंबावर आणि शेजाऱ्यांवर आहे.